एकाच पगारात बाळाचा खर्च कसा भागवावा?

आपले बाळ चार महिन्यांचे आहे, घरात एकच पगार येतो आणि दूधपावडर, डायपर व लसी यांतच महिना सरतो, तेव्हा बचत कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातच दोन मुले वाढवली आहेत, म्हणून इथले ऊन आणि इथले पाणी लक्षात ठेवूनच उत्तर देते. स्वस्त वस्तू शोधून बाळाच्या खर्चात फारसे वाचत नाही. जी वस्तू मुळात लागतच नाही ती घरात न आणल्याने वाचते, आणि जे खरोखर लागते त्यातले बरेचसे सरकारी दवाखान्यात किंवा आपल्याच स्वयंपाकघरात मिळते.

सर्वांत मोठा खर्च दुधाचा. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरे काही, अगदी पाणीसुद्धा, लागत नाही. सोलापूरच्या मे महिन्यातही नाही. अंगावरचे दूध चालू असेल, तर पावडर हळूहळू कमी करून बाळाला वारंवार पाजल्याने दूध वाढू शकते का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पावडर द्यावीच लागत असेल, तर डबा जास्त दिवस पुरावा म्हणून मापापेक्षा अधिक पाणी कधीही घालू नये. त्याने बाळ उपाशी राहते आणि आजारी पडते. बाटल्या आणि त्या उकळण्याचे यंत्र मात्र टाळता येते. वाटी-चमच्याने पाजणे स्वस्त आहे, शिवाय वाटी नीट घासता येत असल्याने जुलाबाचा धोकाही कमी असतो. बाळंतिणीच्या ताटावर मात्र काटकसर करू नये: भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी तिला रोज मिळालीच पाहिजेत.

लसींवरचा आपला खर्च तर जवळजवळ पूर्ण वाचू शकतो. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), रोटाव्हायरस, गोवर-रुबेला या लसी सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि खासगीत महाग पडणारी, न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लसही २०२१ पासून देशभर याच सरकारी मोफत लसीकरणात दिली जाते. पेंटाव्हॅलंटऐवजी खासगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ म्हणून मिळणाऱ्या इंजेक्शनने ताप कमी येतो हे खरे, पण सरकारी लस त्यामुळे संरक्षणात कमी ठरत नाही. आधीचे डोस खासगीत झाले असतील, तर ते कार्ड दाखवून पुढचे डोस सरकारी केंद्रात घेता येतात.

डायपरचा प्रश्न आपल्याकडे पाण्याशी जोडलेला आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ‘फक्त लंगोट वापरा’ असे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड. मी दिवसा लंगोट आणि रात्री एकच डायपर अशी विभागणी ठेवली होती. जुन्या सुती साडीचे आणि धोतराचे लंगोट मऊ असतात, धुवायला कमी पाणी घेतात आणि आपल्या उन्हात बघता बघता वाळतात. कडक ऊन लागल्याने ते स्वच्छही राहतात. उन्हाळ्यात दिवसभर डायपर ठेवल्यास पुरळ उठते आणि मलमाचा खर्च वाढतो, हेही ध्यानात घ्यावे. अंग पुसायला एखादा मोठा टर्किश टॉवेल आणून त्याचे तुकडे करून शिवले तरी पुरते, आणि तो तर आपल्या गावचाच माल आहे.

सहा महिन्यांनंतर डब्यातल्या पावडरींच्या मागे लागू नये. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली की सत्त्व तयार होते. मोड आल्यामुळे त्याची खीर घट्ट होत नाही, म्हणून थोड्या वाटीत बाळाच्या पोटात जास्त अन्न जाते. सोबत मऊ वरण-भात, शिजवून कुस्करलेली भाजी, केळे द्यावे. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध देऊ नये. अंगणवाडीत नाव नोंदवल्यास सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. तो घेण्यात संकोच कशाला?

पांगुळगाडा, म्हणजे मुलाला आत बसवायचा चाकांचा वॉकर, अजिबात घेऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट अपघात होतात; कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. बारशाला येणाऱ्या पाहुण्यांनी काय आणावे असे विचारले, तर मोठ्या मापाचे कपडे सांगावेत.

आता शिल्लक. पहिले अपत्य असेल, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळण्यास आपण पात्र आहात का, हे आशाताईंना विचारावे. मुलगी असेल, तर पोस्टात वर्षाला किमान २५० रुपये भरून सुकन्या समृद्धी खाते चालवता येते. मुलगा असेल, तर पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते. मुलाच्या नावाने विमा काढण्याचा आग्रह नातेवाईक करतील, पण घर ज्याच्या पगारावर चालते त्याचा साधा मुदत विमा मला अधिक गरजेचा वाटतो. सुकन्या खात्यासाठी जन्मदाखला लागतो, म्हणून तो अजून घेतला नसेल तर आधी महापालिकेतून घेऊन ठेवावा.