‘सिन्स’ की ‘फॉर’? एका ‘पासून’चे दोन अर्थ

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि कन्नड कामापुरती बोलता येते. पुण्यातील एका कारखान्यासाठी लिहिलेल्या अर्जात ‘आय ॲम वर्किंग इन धिस फाउंड्री सिन्स थ्री इयर्स’ असे वाक्य होते. आमच्या सुपरवायझर साहेबांनी ‘ॲम वर्किंग’ आणि ‘सिन्स’ यांभोवती लाल गोल काढून अर्ज परत दिला. शब्दकोशात तर ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ असेच आहे. मग चूक कोठे झाली? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : शब्दकोशाने दिलेला अर्थ बरोबर आहे, अडचण आपल्या ‘पासून’मध्ये आहे. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ ही दोन्ही वाक्ये आपण सारख्याच सहजतेने बोलतो. पहिल्यात ताप कधी आला ते सांगितले आहे, दुसऱ्यात तो किती दिवस अंगात आहे ते. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र आरंभ सांगताना ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगताना ‘फॉर’ लागतो. सीमाभागातील विद्यार्थ्याला येथे दुसऱ्या भाषेचाही आधार मिळत नाही, कारण कन्नडमध्येही ‘सोमवारदिंद’ आणि ‘मूरु दिनदिंद’ असा दोन्हीकडे एकच प्रत्यय येतो आणि हिंदीतही ‘से’ हीच दोन्ही कामे करतो. जर्मन आणि फ्रेंच या भाषाही दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात, त्यामुळे ती भाषा बोलणारेही इंग्रजी शिकताना नेमके येथेच अडखळतात. या चुकीबद्दल आपण मनात संकोच मुळीच बाळगू नये.

‘सिन्स’ ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘त्यानंतर’ असा होता. ‘त्यानंतर’ म्हटले की कशानंतर, हे सांगावेच लागते; म्हणून ‘सिन्स’पुढे एखादा वार, साल किंवा घटना यावी लागते. ‘तीन वर्षे’ ही घटना नव्हे, ते माप आहे. आपल्या भागात घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. महाराष्ट्राने सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. ही गोष्ट इंग्रजीत ‘द केस हॅज बीन इन द सुप्रीम कोर्ट सिन्स २००४’ अशी सांगता येते, किंवा ‘फॉर मोअर दॅन ट्वेंटी इयर्स’ अशीही सांगता येते. ‘सिन्स ट्वेंटी इयर्स’ मात्र म्हणता येत नाही.

ओळखण्याची खूण मराठीतच आहे. वाक्यातला ‘पासून’ काढून तेथे ‘गेली’ घालून पाहावे. ‘गेली तीन वर्षे मी या फाउंड्रीत काम करतो आहे’ हे वाक्य चपखल बसते, म्हणून तेथे ‘फॉर’. ‘गेली २००४’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून तेथे ‘सिन्स’. हल्ली वर्तमानपत्रांत रोज दिसणारी ‘गेल्या तीन वर्षांपासून’ ही रचना मला खटकते, कारण तिच्यात काळाची लांबी आणि आरंभ यांची सरमिसळ होते आणि तीच पुढे इंग्रजीत उतरते. ‘गेली तीन वर्षे’ ही आपली जुनी, नेटकी रचना ज्याच्या तोंडी बसली आहे, त्याची इंग्रजीत येथे सहसा चूक होत नाही.

आपल्याकडची वडीलधारी मंडळी हीच गोष्ट आणखी एका प्रकारे सांगतात : ‘मला हितं येऊन तीन वर्सं झाली.’ याचे इंग्रजी ‘इट इज थ्री इयर्स सिन्स आय केम हिअर’ असे होते. वाक्यात तीन वर्षे आहेत आणि ‘सिन्स’ही आहे, तरी ते शुद्ध आहे, कारण ‘सिन्स’च्या पुढे ‘येणे’ ही घटना आली आहे. केवळ वाक्यात वर्षांचा आकडा दिसला म्हणून ‘सिन्स’ खोडू नये. त्याच्या लगेच पुढे काय आहे ते पाहावे.

आता दुसरा लाल गोल. पूर्वी सुरू झालेले काम अजून चालू आहे, हे मराठीत ‘करतो आहे’ या वर्तमानकाळाने भागते. इंग्रजीला तेथे ‘हॅव बीन वर्किंग’ लागते. म्हणून आपले वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग इन धिस फाउंड्री फॉर थ्री इयर्स’ असे करावे. ‘आय वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ असे मात्र लिहू नये. ते वाचणारा आपण ती नोकरी सोडली आहे असेच समजेल, आणि अर्जात असा गैरसमज महागात पडू शकतो.

प्रश्न : माझे शिवणकामाचे दुकान आहे. गावच्या लक्ष्मी यात्रेनिमित्त ‘क्लोज्ड सिन्स मंडे टू फ्रायडे’ असा फलक लावायचा आहे. ‘सिन्स’ येथे चालेल का? — एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : चालणार नाही. ‘सिन्स’ फक्त मागे पाहतो, आणि आपला सोमवार अजून यायचा आहे. शिवाय जेथे शेवटही सांगायचा असतो, म्हणजे ‘पासून’बरोबर ‘पर्यंत’ येते, तेथे ‘फ्रॉम’ वापरावा : ‘क्लोज्ड फ्रॉम मंडे टू फ्रायडे’. फलकावर जागा कमी म्हणून ‘क्लोज्ड टिल फ्रायडे’ लिहिले, तर शुक्रवारी दुकान उघडे की बंद हे गिऱ्हाइकाला नीट कळत नाही. तेव्हा खाली ‘ओपन ऑन सॅटर्डे’ एवढी ओळ जोडावी.