फी भरली, पण मुलीला काम मिळालं नाही

मी मुलांची समुपदेशक आहे. मे महिना लागला की मला एक ठरलेला फोन येतो. नाट्यशिबिराची फी भरली, मुलाला किंवा मुलीला धड काम दिलं नाही आणि आता ते पोर शिबिराला जायलाच तयार नाही. पाठवायचं की काढून घ्यायचं? गेल्या आठवड्यात एका आईने पुन्हा हेच विचारलं, म्हणून काही वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली. तिची ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगी सतरा वर्षांची, अकरावी कॉमर्स झालेली. घरात कमी बोलायची, वर्गात त्याहून कमी. आईची भिशी लागली होती. त्यातले पंधरा हजार भरून आईने तिला पुण्यातल्या एका पाच आठवड्यांच्या शिबिरात घातलं. "जरा मोकळी होईल," एवढीच अपेक्षा. तिसऱ्या आठवड्यात नाटकाचं वाचन झालं, पात्रं वाटली गेली आणि तिच्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम, आलं. शिवाय गर्दीच्या एका प्रवेशात उभं राहायचं होतं. ते ऐकून वडिलांनी रात्रीच सरांना फोन लावला. "आम्ही पैसे भरलेत, वस्तू उचलायला नाही पाठवलं तिला." दुसऱ्या दिवशी तिला सहा वाक्यं मिळाली. तिसऱ्या दिवसापासून सकाळी पोटात दुखायला लागलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली, ती आधी सांगते. आईचं ऐकून मी धरून चालले की छोटं काम मिळाल्याचं दुःख आहे. नाटकात प्रत्येकाच्या कामाला किंमत असते, वगैरे मी तिला समजावत बसले. ती मान हलवत राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बोलली काहीच नाही. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तासभर मीच बोलत होते.

दुसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं आणि आधी एकच गोष्ट विचारली: तालमीत कुणी अपमान करतं का, अंगाला हात लावतं का, एखादा व्यायाम नको असताना करायला लावतं का? शिबिरातून आलेल्या प्रत्येक मुलाला मी हे एकटं असताना विचारते. नाटकाच्या तालमीत स्पर्श असतो, रडणं असतं, आरडाओरडा असतो. त्याच्या आडून काहीही खपवता येतं. तसं काही निघालं तर पाठवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी काढून घ्यायचं. मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि लैंगिक त्रासाची शंका असेल, तर २०१२चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

तिने ठाम नाही म्हटलं. मग मी विचारलं, "पोटात नेमकं कधी दुखतं?"

"ती सहा वाक्यं आठवली की."

आणि मग सगळं बाहेर आलं. प्रॉपर्टी मिळाली तेव्हा ती खूश होती. पहिल्या आठवड्यात इम्प्रोमध्ये, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते करून दाखवताना, सगळ्यांसमोर तिला काही सुचेना, दोघं-तिघं हसले, ते मनात होतंच. पण प्रॉपर्टीच्या टेबलाशी तिला जागा मिळाली होती. तिने टेबलावर पांढरा कागद पसरला होता, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून पेन्सिलीने तिची कड काढली होती: कंदिलाचा गोल, डब्याचा चौकोन, पत्राची लांबट पट्टी. ब्लॅकआउटमध्ये, सगळे दिवे गेलेले असताना, हात टाकला तरी वस्तू त्याच जागी सापडली पाहिजे. कंदिलाची काच ती रोज पुसायची, कारण धुरकट काचेवर प्रकाश पडला तर मागच्या रांगेतून ज्योत दिसत नाही. हे सगळं ती मला एका दमात सांगत होती. वर्गात न बोलणारी ही मुलगी! मग वडिलांचा फोन गेला. ती सहा वाक्यं दुसऱ्या एका मुलीच्या वाट्यातून काढून तिला दिली गेली आणि सगळ्या ग्रुपला कळलं ती कशी आली ते. "मी ती बोलायला उभी राहिले की सगळ्यांना बाबांचा आवाज ऐकू येतो," असं ती म्हणाली. ते वाक्य मी वहीत तसंच लिहून ठेवलंय.

आता वडिलांचंही ऐकायला हवं. ते भेटायला आले ते रागातच. "मॅडम, पंधरा हजार म्हणजे माझा जवळपास महिन्याचा पगार. मागायचं पण नाही?" मागायचं होतं, नक्की मागायचं होतं, पण फी भरण्याआधी. शिकवणार कोण, एका शिक्षकामागे मुलं किती, रोज किती तास, शेवटी प्रयोग आहे का, कामं कशी वाटणार, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, रात्री उशिरा तालीम झाली तर तिथे कोण थांबतं. हे विचारलं तर चांगले शिबिरवाले चिडत नाहीत. जे सिरियलमध्ये काम मिळवून देतो म्हणतात आणि पोर्टफोलिओचे वेगळे पैसे मागतात, तिथून मागे फिरावं. पण फी ही तालमीची असते, शिकवण्याची असते. भूमिका त्या पैशात येत नाही, आणि आली तर मुलाला ती आपली वाटत नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न खरा काळजीचा होता. "बॅकस्टेज शिकून पुढे काय?" मी जे माहीत होतं ते सांगितलं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात अभिनयाइतकाच रचना (नेपथ्य, प्रकाश वगैरे) आणि दिग्दर्शनाचाही स्वतंत्र मार्ग आहे. तिथे जायला आधी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणजे बारावी-ग्रॅज्युएशन सोडून पळायचा प्रश्न नाही. इथे पुणे विद्यापीठात नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे. आणि पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा तर १९६३पासून चालू आहे. पावसाळ्यात कुठल्याही कॉलेजची तालीम पाहा, रंगमंचावर जितकी पोरं तितकीच मागे राबत असतात. ते गप्प झाले. पटलं असं नाही, पण ऐकलं.

मी त्यांना एकच विनंती केली, सरांना पुन्हा फोन करू नका, माफीचासुद्धा नाही. जे बोलायचं ते तिने बोलायचं.

त्यासाठी आम्ही दोन भेटी घालवल्या. मी सर झाले, ती ती. पहिल्यांदा तिला "सर, मला" याच्या पुढे जाता येईना. मग तिने वाक्य कागदावर लिहिलं, मग वाचून दाखवलं, मग कागद खाली ठेवून म्हटलं. मी मुद्दाम घाईत असल्यासारखं केलं, मोबाइल पाहिला. ती थांबली, आणि पुन्हा सुरुवात केली. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. म्हणून "नको जाऊ" हे मी सहज म्हणत नाही. पण "फी भरलीय, जावंच लागेल" हेही म्हणत नाही. गेलेले पैसे गेले, प्रश्न उरलेल्या बारा दिवसांचा होता, आणि ते कसे घालवायचे हे तिला ठरवू द्यायचं होतं.

इथे एक फरक नोंदवते. बुजरेपणा हा स्वभाव आहे, त्यावर शिबिराचं औषध लागत नाही. पण मूल सहा महिन्यांहून जास्त काळ वर्गात उत्तर देणं, दुकानात काही मागणं, चारचौघांत जेवणं असं सगळीकडेच टाळत असेल आणि त्याचं रोजचं अडत असेल, तर ते शिबिराचं काम नव्हे; तज्ज्ञाला दाखवा. या मुलीचं तसं नव्हतं.

तिने सरांना गाठलं, तालमीआधी, चहाच्या टपरीवर. सहा वाक्यं मूळ मुलीला परत द्या आणि मला प्रॉपर्टी पूर्णवेळ द्या, असं सांगितलं. सर हो म्हणाले. ती मुलगी मात्र तिच्याशी आठवडाभर बोलली नाही, तेही तिने सोसलं. इम्प्रो तिला शेवटपर्यंत आवडलं नाही.

प्रयोगाला या म्हणून तिने मला बोलावलं. आम्ही समुपदेशक सहसा जात नाही, मी गेले नाही. जूनमध्ये ती शेवटचं भेटायला आली तेव्हा पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर पसरला. पेन्सिलीच्या कडा पुसट झाल्या होत्या, कंदिलाच्या गोलात रॉकेलचा डाग होता. पत्राच्या पट्टीशेजारी वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं, "डावी विंग, दुसरी एन्ट्री."

"हे कुणाचं अक्षर?" मी विचारलं.

"बाबांचं. शेवटच्या चार दिवशी न्यायला लवकर यायचे. बसून काय करणार, म्हणून मदत केली."

कॉलेजच्या नाटकासाठी नावं घेत होते, तिला साडेचारला पोचायचं होतं. कागद घडी करून ती निघाली.