पोरगी संशोधनात जायचं म्हणते, जाऊ द्यावं का?

नमस्कार भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. चार एकर कापूस-तूर, मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तिला कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ) आणि पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) यांवर संशोधन करायचंय. तुम्ही विचारता, ‘यात पोट भरते का, की बी.एड.ला टाकू?’ बी.एड.ची घाई नको. ते पुढेही करता येईल.

ती जे शिकू पाहते ते तुमच्या वावरातच आहे. युरियासाठी अमोनिया लागतो आणि तो बनवताना लोखंडाचा कॅटॅलिस्ट लागतो. ठिबकची काळी नळी पॉलिथिलीनची. आधी हे पॉलिथिलीन बनवायला हवेच्या हजारपट दाब लागायचा. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची संयुगं कॅटॅलिस्ट म्हणून वापरून तेच साध्या दाबाला करून दाखवलं. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नात्ता यांनी त्याच वाटेनं पॉलिप्रॉपिलीन घडवलं, ज्याच्या विणलेल्या गोण्या आज घरोघरी आहेत. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आणि काम संपलेलं नाही. पिकाभोवती अंथरायच्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचे तुकडे मातीत राहतात ना, त्याऐवजी कुजून जाणारा, तरी परवडणारा पेपर अजून हवाच आहे.

आता पोटाचं. एमएस्सीची दोन वर्षं घरून पैसा लागेल. पुढे सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली की पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) याच विषयांवर काम चालतं. पण जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, आणि पीएच.डी. होईस्तोवर ती अठ्ठावीसची होईल. लग्नाचं काय, हे घरात आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या. मध्येच शिक्षण थांबलं तर सगळ्यांनाच जड जातं. लवकर नोकरी हवी असेल तर चंद्रपूरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक-शिक्षण संस्थेत चौकशी करा; प्लास्टिक उद्योगासाठी बीएस्सीनंतरचा डिप्लोमा सिपेट चालवतं.

मार्कांपेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रॅक्टिकलला टायट्रेशनचं (थेंबथेंब द्रावण घालून मोजायच्या प्रयोगाचं) रीडिंग जुळलं नाही, तर ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवते की ब्युरेट, म्हणजे मोजायची काचेची नळी, पुन्हा भरते? तिलाच विचारा. झिगलरचा कॅटॅलिस्ट हवेतल्या ओलाव्यानंसुद्धा मरतो. हवा लागू नये म्हणून नायट्रोजन वायूखाली दिवसभर काम करूनही प्रयोग हातचा जातो. पुन्हा भरणारी मुलगी इथे टिकते. माझा अनुभव तरी असाच आहे.

ती तशी असेल तर जॅम परीक्षेची तयारी आजपासून. आयआयटीतल्या एमएस्सीची ती वाट आहे. पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा पुस्तकंही इंग्रजीच घ्या. दोन महिने अडखळेल, मग सरावेल. बारावीचं गणित पुन्हा काढायला सांगा, आमच्याकडच्या मुली तिथेच मार्क घालवतात. परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास निघतात आणि तिसऱ्या वर्षाला असतानाच भरता येतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर सोयाबीन निघायच्या आत तहसीलला जाऊन या.