‘व्हेरी युनिक’, मोती आणि कांदा

प्रश्न असा आला आहे: ‘व्हेरी युनिक’ म्हणणं चूक का, आणि ‘युनिक’ला मराठीत काय म्हणावं?

चूकच. मूल एकुलतं एक असतं किंवा नसतं. ‘फार एकुलतं एक’ असं कुणी म्हणत नाही. तरी बारशापासून साड्यांच्या जाहिरातींपर्यंत ‘सो युनिक’, ‘मोस्ट युनिक’ ऐकून कान किटले. ‘वेगळं’ किंवा ‘दुर्मीळ’ एवढंच म्हणायचं असतं, आणि त्यापायी एक धारदार शब्द बोथट होतो. ‘असामान्य’ हा सैल अर्थही इंग्रजीत रुळलाय, असं मेरियम-वेब्स्टर सांगतो. नोंद करणं हे कोशाचं कामच आहे, पण म्हणून लिहिणाऱ्याने तारतम्य सोडू नये. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच नेमका भेद केला होता: ‘जवळजवळ युनिक’ चालेल, ‘अधिक युनिक’ नाही. एकमेवपणाच्या जवळ जाता येतं, त्याच्या पुढे नाही.

आता व्युत्पत्ती. लॅटिन ‘ऊनुस’ म्हणजे एक, त्यावरून ‘ऊनिकुस’, आणि तोच फ्रेंचमार्गे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आला. ‘ऊनुस’ आणि आपला ‘एक’ यांचं प्राचीन मूळ एकच, प्रत्यय वेगळे. लॅटिनने तो संस्कृतातून उचलला असं कृपा करून कुणी सांगू नये. ही भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत.

खरी मौज याच ‘ऊनुस’च्या दुसऱ्या लेकरात, ‘ऊनियो’त आहे. रोमन लोक मोठ्या मोत्याला ‘ऊनियो’ म्हणत. पहिल्या शतकातला प्लिनी कारण देतो: हुबेहूब सारखे दोन मोती सापडतच नाहीत. म्हणजे कानातल्यांसाठी जोडी जमत नाही, तो ऊनियो! त्याच शतकातला कोलुमेला शेतीवर लिहिताना सांगतो की शेतकरी एका प्रकारच्या कांद्यालाही ‘ऊनियो’ म्हणतात. त्यावरूनच फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘अनियन’ आला. पापुद्रे एकत्र बांधलेले म्हणून हे नाव, असं पुष्कळ जण छातीठोकपणे लिहितात. कोलुमेला वाचला असता तर लिहिलं नसतं. तो स्वच्छ सांगतो: ज्याला फुटवे आलेले नाहीत, बाजूला पिल्लं चिकटलेली नाहीत, तो हा कांदा. आपल्या बाजारात जोड कांदा वेगळा काढतात, हे नाशिककडच्या कुणालाही विचारा. ऊनियो म्हणजे जोड नसलेला कांदा आणि जोडी न जमणारा मोती. माझ्या मते दोन्हीकडे कल्पना एकच, आणि तिला मराठीत शब्द तयार आहे: अजोड! ‘युनिक’च्या इतक्या जवळचा दुसरा शब्द मला तरी दिसत नाही.

‘अनन्य’ सुचवणाऱ्यांशी माझं जमत नाही. अनन्य भक्ती म्हणजे दुसऱ्या कुणाकडे न वळणारी भक्ती. तिथे भक्त एकटाच असतो असं नाही. ‘अनन्यसाधारण’ मात्र बरोबर, कारण त्याचा अर्थच ‘इतर कुणातही नसलेलं’. सगळ्यात खटकतं ते आधारच्या प्राधिकरणाच्या नावातलं ‘विशिष्ट ओळख’. विशिष्ट म्हणजे ठरावीक किंवा खास. दोन माणसांचा क्रमांक एकच असू नये, हाच तर त्या १२ अंकांचा प्राण, आणि तो या शब्दात कुठेच नाही. गणितात आपण ‘एकमेव उकल’ म्हणतो. तसं इथे ‘एकमेव ओळख’ म्हणायला हवं होतं.