घरात ऑइल हीटिंग आहे, जोडीला लाकडाचा बॉयलर घ्यायचाय, कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मेन राज्यात जुनं घर घेतलंय, ऑइलचं बिल बघून डोळे पांढरे झालेत आणि मागे स्वतःची झाडी आहे. मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो, आमच्याकडे ऑइल आणि लाकूड दोन्ही चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी कुठली हे शेवटी बघा, आधी लाकडाचा हिशोब करा. एक कॉर्ड म्हणजे 4 बाय 4 बाय 8 फुटांचा रचलेला ढीग. मेपल-ओकसारखं कडक, नीट वाळलेलं लाकूड असेल तर एका कॉर्डमागे साधारण 120 ते 150 गॅलन ऑइल वाचतं. म्हणजे वर्षाला 800 गॅलन लागत असेल तर सहाएक कॉर्ड तोडायचं, फोडायचं, रचायचं, तेही दरवर्षी, एवढं जमणार असेल तरच पुढे जा.

आणि लाकूड वाळलेलंच हवं, ओलावा 20 टक्क्यांच्या आत. गावाकडे बंबात ओलं सरपण घातलं की कसं नुसतं धुमसतं, तेच इथे होतं आणि चिमणीत डांबरासारखा थर बसतो, तो पेटला की घराला धोका. मॉइश्चर मीटर स्वस्त मिळतो, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचून बघा, बाहेरून तो कोरडाच दाखवतो. ओकला वाळायला दोन वर्षं लागतात, त्यामुळे लाकडाची तयारी बॉयलरच्या आधी सुरू करा.

बॉयलर गॅसिफिकेशनवालाच घ्या. यात वरच्या कप्प्यात लाकूड तापतं आणि त्याचा धूर पंख्याने खाली ओढून खालच्या कप्प्यात जाळला जातो, खालचं दार किंचित उघडून बघितलं तर ज्योत अक्षरशः फुरफुरत असते आणि बाहेर चिमणीतून धूर जवळजवळ दिसत नाही. अंगणात ठेवायचे जुने आउटडोअर बॉयलर कुणी स्वस्तात देतंय म्हणून घेऊ नका, लाकूड खूप खातात आणि शेजाऱ्यांना धुराचा त्रास. मे 2020 पासून ईपीएचे (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचे) नियम कडक झालेत, नवीन घेताना त्याचं सर्टिफिकेट बघूनच घ्या.

पैसे कुठे वाचवायचे ते वाचवा पण पाण्याच्या स्टोरेज टँकवर वाचवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. हा बॉयलर पूर्ण जोरात जळला तरच स्वच्छ जळतो, घराला मात्र ऑक्टोबरात तेवढी उष्णता नकोच असते. 500 गॅलनचा टँक 60 अंश फॅरनहाइटने तापवला की अडीच लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) साठतात, संध्याकाळी एकदा पेटवलं की रात्रभर टँक घर सांभाळतो.

ऑइल बॉयलर काढू नका, टँक गार झाला की तो आपोआप सुरू होईल असं कनेक्शन करून घ्या. डिसेंबरात महिनाभर भारतात गेलात तर पाइप गोठून फुटायला नकोत ना! लाकडाच्या बॉयलरला चिमणीत स्वतंत्र फ्लू, म्हणजे धूर बाहेर नेणारा मार्ग, लागतो, ऑइलच्या फ्लूत जोडू देऊ नका. लाइट गेली तर जादा उष्णता पंपाशिवाय कुठे जाणार हेही प्लंबरला आधीच विचारा, आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा.

एक सांगा, घरात बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेले गरम पाण्याचे हीटर) आहेत, गरम हवेचे डक्ट आहेत की फरशीखाली पाइप? बेसबोर्डला सहसा 180 अंश फॅरनहाइटच्या आसपास पाणी लागतं, फरशीला बरंच कमी गरम चालतं, त्यामुळे तोच टँक कितीतरी जास्त वेळ पुरतो. ते कळलं की टँक केवढा घ्यायचा ते सांगता येईल.