तारा मंदावला म्हणजे ग्रह सापडला का?

प्रश्न : टेस या अवकाश दुर्बिणीचा सर्वांसाठी खुला असलेला डेटा घेऊन मी एका ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, काढला. दर २.४ दिवसांनी ताऱ्याचे तेज सुमारे दीड टक्क्याने घटताना दिसते. हे ग्रहाचे अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे, मानावे का?

उत्तर : आपल्या हाती दखल घेण्याजोगे काहीतरी लागले आहे, परंतु त्याला ग्रह म्हणण्याआधी बरीच छाननी बाकी आहे. या शोधात तेजातली घट सापडणे हा सोपा भाग असतो. ती घट दुसऱ्या कशामुळे आलेली नाही, हे दाखवण्यातच खरे कष्ट आहेत.

तेजातली घट ढोबळमानाने ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी असते. त्या हिशेबाने दीड टक्का घट घडवणाऱ्या वस्तूची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण १२ टक्के भरते. तारा सूर्याएवढा असेल, तर ती वस्तू गुरूपेक्षा थोडी मोठी ठरते आणि असे ग्रह खरोखरच आहेत. १९९९ साली ज्याचे अधिक्रमण प्रथमच टिपले गेले, तो एचडी २०९४५८ बी साडेतीन दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फिरतो आणि त्याच्यामुळे होणारी घटही सुमारे दीड टक्काच आहे. मात्र आपला तारा फुगून सूर्याच्या पाचपट झालेला असेल, तर तीच घट सूर्याच्या त्रिज्येच्या सहा दशांश वस्तूची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याची होते. म्हणून ताऱ्यांची मोजमापे घेणाऱ्या गाया अवकाश मोहिमेच्या सूचीतून ताऱ्याची त्रिज्या आधी पाहून घ्यावी.

त्यानंतर सम आणि विषम क्रमांकाच्या घटी वेगवेगळ्या काढून एकमेकींवर ठेवाव्यात. २००२ साली मांडली गेलेली ‘बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स’ ही पद्धत आवर्तकाल चटकन शोधून देते खरी, पण पुष्कळदा ती खऱ्या आवर्तकालाच्या निम्मा आकडा देते. समजा, पहिली घट १.६ टक्के, दुसरी १.४, तिसरी पुन्हा १.६ असा क्रम चालला असेल आणि हा फरक मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठा असेल, तर खरा आवर्तकाल ४.८ दिवसांचा आहे आणि जवळपास सारखे असलेले दोन तारे आळीपाळीने एकमेकांना ग्रहण लावत आहेत. घटीचा आकारही बोलका असतो. ग्रहाच्या अधिक्रमणात तळ बहुधा रुंद, किंचित गोलसर दिसतो, तर जोडताऱ्यांच्या ग्रहणात तो अनेकदा टोकदार असतो. पण ताऱ्याच्या कडेला चाटून जाणारा ग्रहही टोकदार घट दाखवतो, त्यामुळे केवळ आकारावरून निकाल देऊ नये.

टेसच्या बाबतीत सर्वांत जास्त दगाफटका शेजारच्या ताऱ्यांकडून होतो. तिचा एक पिक्सेल आकाशाचा २१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तुकडा व्यापतो, त्यामुळे एकाच पिक्सेलमध्ये अनेक ताऱ्यांचा प्रकाश मिसळतो. आपल्या ताऱ्यापेक्षा चार प्रतींनी मंद, म्हणजे सुमारे ४० पटींनी फिका, एखादा जोडतारा शेजारी असेल आणि ग्रहणात त्याचे तेज निम्मे होत असेल, तर मिसळलेल्या प्रकाशात नेमकी सव्वा टक्क्याच्या आसपास घट उमटते. घटीच्या वेळी प्रकाशाचा मध्यबिंदू सरकतो का, हे पिक्सेलच्या पातळीवर तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

त्याच क्षणी इतर ताऱ्यांमध्येही घट दिसत असेल, तर दोष यंत्राचा किंवा पृथ्वी-चंद्राच्या विखुरलेल्या प्रकाशाचा समजावा. या सगळ्यातून जे टिकते, त्याला उमेदवार म्हणतात. गुरू आणि सर्वांत लहान लाल बटू तारे आकाराने जवळपास सारखेच असल्यामुळे शेवटचा निर्णय वस्तुमानावरून होतो आणि त्यासाठी मोठ्या दुर्बिणीवर वर्णपट घेऊन ताऱ्याची पुढेमागे होणारी हालचाल मोजावी लागते.

प्रश्न : दीड टक्का घट इतक्या सहज दिसते, तर सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडणे इतके दुर्मीळ का?

उत्तर : दूरवरून पाहिल्यास पृथ्वीमुळे सूर्याचे तेज जेमतेम ०.००८४ टक्के घटते, तेही वर्षातून एकदा, फार तर १३ तास. शिवाय कक्षा आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यता दोनशेत एक इतकीच असते. केप्लर दुर्बीण याच कामासाठी २००९ साली सोडली गेली आणि तिने दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवली. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यांचे स्वतःचे चढउतार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, त्यामुळे तेवढीच खात्री मिळवायला अधिक वर्षांची निरीक्षणे हवी होती; आणि मे २०१३ मध्ये दुर्बिणीला स्थिर ठेवणाऱ्या चाकांपैकी दुसरे चाक निकामी झाल्याने आकाशाच्या त्या मूळ भागाचे निरीक्षण चार वर्षांतच थांबले.