डिटेन्शन सेंटरमध्ये खाणं-राहणं फुकट असतं, तरी लोक दंगा का करतात?

तुम्ही अमेरिकेतला व्हिडिओ बघून हा प्रश्न टाकलाय आणि खाली लिहिलंय की तुमचा मामेभाऊ आखातात ड्रायव्हर म्हणून चाललाय, त्यानं काय काळजी घ्यावी. दोन्हीचं सांगतो, कारण २०१८ ला मी स्वतः अशा ठिकाणी, म्हणजे कागद नसलेल्या परदेशी माणसांना परत पाठवेपर्यंत कोंडतात तिथं, ४३ दिवस काढलेत. देशाचं नाव लिहीत नाही.

मी विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडं घरटी एक माणूस बाहेर असतोच, गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, तर देशभर पसरलेत, माझे वडीलच तमिळनाडूत सेलमला होते, त्यामुळं मी ट्रेलर चालवायला आखातात जातो म्हटल्यावर घरात कुणाला भीती वाटली नाही. तिथं पाच महिने पगार नाही, अकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपला तो कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथं असतो त्या मालकानं, रिन्यू केला नाही, पासपोर्टपण त्याच्याच कपाटात. शेवटी मी दुसरीकडं काम धरलं तर त्यानं माणूस पळाला म्हणून तक्रार टाकली आणि एका चेकिंगला सापडलो. चोरी नाही, मारामारी नाही, कागद संपला एवढाच गुन्हा. आत भेटलेले बहुतेक असेच. तिकडं त्या जागेला तरहील म्हणतात.

हॉल एक, माणसं शंभरावर, संडास चार आणि त्यातले दोन तुंबलेले. लाईट रात्रंदिवस चालू. एसी इतका गार की ज्याला चादर मिळाली नाही तो दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचा, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायला लागायचं. पंधरा दिवसांत माझ्या बोटांच्या बेचक्यात खरूज झाली, रात्री खाजवून खाजवून रक्त यायचं. जेवण म्हणाल तर मिळायचं, खुबूस म्हणजे तिकडची रोटी, भात, डाळीचं पाणी. उपाशी नाही मेलो, खोटं कशाला बोलू.

पण माणूस आतून कशानं जातो ते सांगतो. रोज सकाळी एक पोलीस कागद घेऊन जाळीपाशी यायचा आणि नावं वाचायचा. ज्याचं नाव त्याची फ्लाईट. अरबी उच्चारात आपलं नाव ओळखूपण येत नाही, म्हणून सगळे जाळीला चिकटून उभे राहायचे, श्वास रोखून. एक मल्याळी चाचा होते, त्यांना अरबी यायची, ते ऐकून सांगायचे. नाव नाही आलं की विचारायची सोय नाही, उद्या का परवा का सहा महिन्यांनी, कोण सांगणार. आमच्या इथं सांगलीच्या जेलात बसलेल्या माणसालापण कोर्टाची तारीख असते हो, शिक्षा झाली तर किती वर्षं ते कळतं, तो भिंतीवर रेघा मारू शकतो. आम्ही रेघा मारायच्या त्या कशाच्या?

एकदा सलग चार दिवस कागदवाला आलाच नाही. चौथ्या रात्री कुणीतरी दाराच्या पत्र्यावर चप्पल आपटायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळा हॉल आपटायला लागला, मीपण. तेवढ्यात दोन पोरांनी फोमची गादी फाडली आणि लायटर काढला. चाचा त्या गादीवर जाऊन बसले. म्हणाले, दार बाहेरून बंद आहे, आधी आपण मरू. पोरं थांबली. तासाभरानं एक ऑफिसर आला, त्यानं कागद वाचला, कुणाचं आऊटपास, म्हणजे पासपोर्ट नसला तरी घरी जायचा कागद, आलंय, कुणाचं बोटांच्या ठशासाठी अडकलंय, कुठल्या आठवड्यात कोण जाणार. झालं, हॉल शांत. दुसऱ्या दिवशी जेवण तेच होतं, संडास तसेच तुंबलेले होते, पण कुणी आवाज केला नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं.

२७ मार्च २०२३ ला मेक्सिकोत सिउदाद हुआरेझला अशाच एका सेंटरमध्ये लोकांनी निषेध म्हणून गाद्या पेटवल्या. ४० माणसं गेली, सगळ्यात जास्त ग्वाटेमालाची. कॅमेऱ्यात दिसतंय की आग लागलीय, माणसं गजाआड आहेत आणि गार्ड कुलूप न काढता बाहेर निघून जातायत. ती बातमी मी विट्यात चहाच्या गाड्यावर मोबाईलवर बघितली आणि चहा तसाच ठेवून घरी आलो.

अमेरिकेत जून २०२५ मध्ये न्यूअर्कच्या डिलेनी हॉल नावाच्या डिटेन्शन सेंटरमध्ये गडबड झाली, चार जण भिंत फोडून पळाले. तिथं जेवण वेळेवर मिळत नव्हतं असं वकिलांनी सांगितलं. बरोबर असेल, जेवणावरून ठिणगी पडतेच. पण मग २०१९ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये एल पासोच्या डिटेन्शन सेंटरमध्ये काय झालं तेपण बघा. तिथं आपल्या पंजाबातल्या पोरांनी जेवणच सोडलं, आणि कोर्टाची ऑर्डर आणून त्यांच्या नाकात नळी घालून त्यांना खायला घातलं. फुकट जेवणावर खूश असायला पाहिजे होती ना ती? त्यांचं म्हणणं होतं की केस चालू आहे तर आम्हाला इतके महिने कोंडून का ठेवलंय.

अजून एक, लोक याला जेल समजतात, पण अमेरिकेच्या कायद्यात ही कोठडी शिक्षा म्हणून धरत नाहीत, मामला दिवाणी धरतात. ऐकायला बरं वाटतं पण त्यामुळं होतं काय, की तिथं खुनाचा आरोपी गरीब असला तर त्याला सरकार वकील देतं आणि व्हिसा संपलेल्याला वकिलाचे पैसे स्वतःच भरायला लागतात. आणि ब्रिटनमध्ये इमिग्रेशनवाले एखाद्या प्रौढ माणसाला जास्तीत जास्त किती दिवस ठेवू शकतात याला कायद्यात सरसकट मर्यादाच घातलेली नाही.

तिकडंच कशाला, आपल्या आसामात बघा. परदेशी ठरवलेल्या लोकांना आधी वर्षानुवर्षं जेलातच ठेवत होते. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तीन वर्षं झालेल्यांना अटी घालून सोडा, २०२० मध्ये कोरोनात ते दोन वर्षांवर आणलं. आता गोलपाडा जिल्ह्यात मटिया इथं ३००० माणसं मावतील एवढं सेंटर बांधलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्याच ६३ जणांवरून कोर्टानं आसाम सरकारला झापलं, कारण सरकार म्हणत होतं यांचा त्यांच्या देशातला पत्ता माहीत नाही म्हणून पाठवता येत नाही. म्हणजे तो माणूस परतपण जाणार नाही आणि सुटणारपण नाही. मला हे वाचताना अंगावर काटा येतो, मी फक्त ४३ दिवस होतो.

आणि ही दुसऱ्या राज्यातल्यांची भानगड आहे असंपण समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ जणांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं त्यात महाराष्ट्रातले तिघं होते.

आता मामेभावाचं. एजंटचं रजिस्ट्रेशन भारत सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर तपासा, नंबर जुळला नाही तर पैसे देऊ नका, कितीही ओळखीचा असू दे. अकामा संपायच्या दोन महिने आधीच कफीलच्या मागं लागायचं आणि पगार थकला तर पळायच्या आधी दूतावासात लेखी तक्रार द्यायची, मी हे उलट केलं तिथंच फसलो. पकडला गेलाच तर भारतीय दूतावासाला कळवा म्हणून तोंडानं सांगायचं, १९६३ च्या व्हिएन्ना करारात तो हक्क आहे, गार्डला माहीत नसलं तरी परत परत सांगायचं. इकडं घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायची. माझ्यासाठी ती दाजींनी टाकली होती, पण पासपोर्ट नंबर कुणाकडंच नव्हता, शेवटी जुन्या ट्रंकेतून झेरॉक्स शोधेपर्यंत नऊ दिवस गेले. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, काँट्रॅक्ट आणि पुढं अकामा मिळाला की तोपण, सगळ्याचे फोटो घरातल्या अशा माणसाकडं ठेवा ज्याला फॉर्म भरता येतो. आमच्या घरी ते आईच्या मोबाईलवर होते आणि तो मोबाईल मी जायच्या आधीच बिघडून दुकानात पडला होता.